पायांची हजेरी

आम्हांला लांबचं दिसत नाही, ही गोष्ट गावाला आमच्या आधी कळली. मशिदीच्या रस्त्यावर समोरून कुणी सलाम करायचं आणि आम्ही तसेच पुढं जायचो. सलामाचं उत्तर न देणारं पोरगं म्हणजे मगरूर पोरगं. तक्रार अम्माकडं गेली, मार बसला. मग आम्ही उपाय शोधला. समोर काहीही हललं की आपणच आधी सलाम ठोकायचा. एकदा तो विजेच्या खांबाला ठोकला. खांब हलला नव्हता, पण वर बसलेल्या कावळ्यानं मान हलवली होती.

आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. सगळं आयुष्य उर्दू शाळेत गेलं, आधी बाकावर आणि मग बी.एड. करून फळ्यासमोर. उर्दूत माणूस स्वतःला 'हम' म्हणाला तर कुणी त्याला गर्विष्ठ समजत नाही. ती सवय मराठीत लिहितानाही सुटत नाही. घरची बोली कोकणी, शाळेची भाषा उर्दू आणि मनातलं कागदावर उतरवायचं तर मराठी. आमच्या बाजूच्या बऱ्याच घरांत हे असंच चालतं, त्यामुळं त्याचं कौतुक नको. सांगायचंय ते भाल्याबद्दल आणि चष्म्याबद्दल.

आमचं गाव चिपळूणच्या खाली, वाशिष्ठीच्या काठी. पुरुषमाणसं आखातात, बायका-पोरं गावात, आणि जूनमध्ये सगळ्यांचे कान आभाळाकडं. पहिला जोराचा पाऊस झाला, ओढ्यांना लाल पाणी आलं की नदीतली मासळी उलटी वर चढायला लागते. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात, तिथून थेट भाताच्या खाचरात. उथळ, नव्या पाण्यात अंडी घालायला ती निघालेली असते. याला आमच्याकडं चढण म्हणतात. चढणीच्या रात्री गावातला पुरुष अंथरुणात सापडला तर तो आजारी आहे असं खुशाल समजावं. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात टोपली, कुणाकडं भाला. पूर्वी गॅसबत्ती असायची, मग सेलची बॅटरी आली, आता कपाळाला बांधायचे दिवे आलेत.

आमच्या घरचा भाला चाचांचा होता. चाचा १९९० साली कुवेतवर इराकनं हल्ला केला तेव्हा हजारो लोकांबरोबर सगळं तिथंच टाकून अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. मग पुन्हा गेलेच नाहीत. शेती केली, आंब्याच्या बागा राखल्या, आणि पावसाळ्यात भाला मारला. भाला म्हणजे फार मोठं शस्त्र नव्हे. पुरुषभर उंचीचा सरळ बांबू, त्याच्या टोकाला लोहारानं ठोकून दिलेले तीन काटे, आणि काट्यांना आत वळलेले अणकुचीदार कान, मासा निसटू नये म्हणून. पोरासोरांचे भाले जुन्या छत्रीच्या तारांचे.

१९९८ साली, दहाव्या वर्षी, आम्ही पहिल्यांदा चाचांबरोबर गेलो. पऱ्ह्यात गुडघाभर पाणी. चाचांनी बत्ती खाली, पाण्याच्या जवळ आणि एका बाजूला धरायला शिकवलं, कारण समोरून उंच धरली तर पाण्यावर नुसती चकाकी दिसते, तळ दिसत नाही. प्रवाहाच्या खालच्या बाजूनं वर जायचं, कारण पाय पडला की गढूळ पाणी आपल्या मागं वाहून जातं. आणि मग ती गोष्ट सांगितली जी आम्ही आजही वर्गात सांगतो.

"मासा दिसतो तिथं मारायचा नाही. दिसतो त्याच्या खाली मार."

"का?"

"पाणी खोटं बोलतं."

आम्हांला फार आनंद झाला. इथं सगळ्यांनाच चुकीचं दिसतं, म्हणजे आमचं काही बिघडत नाही!

पाणी खोटं का बोलतं, ते आम्ही पुढं दहावीच्या विज्ञानात शिकलो आणि आता शिकवतो. मराठी पुस्तकात त्याला प्रकाशाचं अपवर्तन म्हणतात, आमच्या पुस्तकात 'इनइताफ'. माशावरून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. डोळ्याला हे वाकणं कळत नाही. तो समजतो, किरण सरळच आला. त्यामुळं तळ आणि मासा दोन्ही वर उचलल्यासारखे दिसतात. अगदी वरून पाहिलं तर खोली साधारण पाऊणपट भासते. दीड फूट पाणी असलं तर साडेतेरा इंच वाटतं. म्हणजे तळाशी बसलेली मरळ दिसते त्याहून साडेचार इंच खाली असते, आणि तिरकं पाहिलं तर फरक आणखी वाढतो. साडेचार इंचांत मरळ आरामात निसटते. चाचांना ही आकडेमोड ठाऊक नव्हती, पण हाताला ठाऊक होती. ते शक्यतो माशाच्या बरोबर डोक्यावर जाऊन उभा भाला मारत, आणि मारण्याआधी काट्यांची टोकं हळूच पाण्यात बुडवत. टोकही पाण्यातलं आणि मासाही पाण्यातला झाला, की दोघांबद्दल पाणी जवळजवळ सारखंच खोटं बोलतं.

इब्न अल्-हैसम नावाचा बसऱ्याचा एक विद्वान हजार वर्षांपूर्वी कैरोत बसून 'किताबुल मनाज़िर' हा ग्रंथ लिहून गेला. त्याच्या आधीचे युक्लिडसारखे ग्रीक पंडित मानत, की डोळ्यातून किरण निघतात, वस्तूवर जाऊन आदळतात आणि मग दिसतं. यानं ते खोडून काढलं. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडं येतो, डोळ्याकडून काही बाहेर जात नाही. २०१५ साली युनेस्कोनं प्रकाशाचं वर्ष साजरं केलं तेव्हा या ग्रंथाची हजार वर्षंही साजरी झाली. आम्ही शाळेत तक्ता लावला होता. मुलांना सांगितलं, नजर म्हणजे भाला नव्हे. ती फेकता येत नाही. समोरून जे येईल तेवढंच घेता येतं, आणि ज्याच्या डोळ्यात ते नीट पोचत नाही त्यानं जोर लावून पाहिलं म्हणून जास्त दिसत नाही.

लहानपणी आम्ही नेमका तोच जोर लावत होतो. डोळे बारीक करून पाहायचं, कारण फट बारीक झाली की थोडं स्पष्ट दिसतं. फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवायचं. क्रिकेटमध्ये आपण होऊन यष्टिरक्षक व्हायचं, म्हणजे चेंडू शोधायला लांब धावायला नको. आणि चढणीला चाचांच्या इतकं जवळ राहायचं, की त्यांनी "ती बघ" म्हटलं की त्यांच्या हाताच्या दिशेनं बघता येईल. तेरा-चौदा वर्षांचे होईपर्यंत आम्ही भाल्यावर एक दिवड, एक नारळाची झावळी आणि एक डाव्या पायाची चप्पल घेतली. चपलेवरून गाव दोन वर्षं हसलं. आम्हीही हसलो. तिथंच कुणीतरी थांबवायला हवं होतं, किंवा आम्ही थांबायला हवं होतं.

चष्म्याचं नाव कुणी का काढलं नाही? त्याचं कारण आपा. आमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, नजर आमच्याहून अधू. तिला डोळे बारीक करायचीही मनाई होती, कपाळाला आठ्या पडतात म्हणून. चष्मेवाल्या मुलीला स्थळ येत नाही, हे घरात कुणी कुणाला समजावून सांगत नव्हतं. ते मिठासारखं सगळ्यात होतं. २००२ साली तिला बघायला पाहुणे आले. मुलाची आई हुशार. तिनं गप्पा मारता मारता सुई-दोरा मागितला आणि आपापुढं धरला. "जरा ओवून दे गं, मला दिसत नाही." आपानं एका झटक्यात ओवला. पाहुणे खूश, अम्मा खूश. कुणालाही कळलं नाही, की ज्याला लांबचं दिसत नाही त्याला नाकाजवळचं उत्तम दिसतं. सुईच्या परीक्षेत आमच्यासारखे लोक पहिल्या नंबरानं पास होतात.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात चिपळूणच्या एस.टी. स्टँडवर आपा पांढऱ्या शर्टाच्या एका माणसामागं चालत चालत दुसऱ्याच गाडीत जाऊन बसली. तो माणूस तिचा नवरा नव्हता. आता ती हा किस्सा हसत सांगते. तेव्हा हसली नव्हती. सासरी महिनाभर त्यावरून काय काय बोललं गेलं ते ती अजून पूर्ण सांगत नाही.

घरात अशी एक गोष्ट दडवलेली असली, की दुसरीही दडवावी लागते. आमची नजर उघड झाली असती तर लोकांनी आपाकडं पाहिलं असतं. असं आम्ही स्वतःला समजावत होतो. खरं एवढंच, की आमच्या हातातला भाला गेला असता, आणि आम्हांला भाला हवा होता.

जून २००३. आम्ही नुकतेच दहावीत गेलेलो. चाचांना ताप होता, म्हणून भाला आमच्याकडं आला. बरोबर धाकटा भाऊ, अकरा वर्षांचा, बॅटरी धरायला. आणखी चार पोरं. पाऊस असा, की शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं. मोरीच्या खाली पाणी गुडघ्याच्या वर होतं. कुणीतरी ओरडलं, "मरळ, मरळ!" बॅटरी हलली. आम्हांला पाण्यात फिकट, लांबट काहीतरी सरकताना दिसलं. मरळीचं पोट असंच फिकट दिसतं. चाचांनी शिकवलं होतं तसं, दिसतं त्याच्या जरा खाली मारलं.

पाण्याचा हिशेब आम्ही बरोबर केला होता. डोळ्यांचा केला नव्हता.

भाऊ ओरडलाच नाही. "भाई" एवढंच म्हणाला. तीनपैकी एक काटा त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात घुसला होता. काट्याला कान असतात हे वर सांगितलंच आहे. तो बाहेर कसा काढला ते लिहीत नाही. त्याला पाठीवर घेऊन घरी येईपर्यंत आमच्या मानेवर त्याचा श्वास लागत होता, आणि मधेच तो म्हणाला, "बाटलीची काच लागली म्हणून सांगू."

तसंच सांगितलं. डॉक्टरांनी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. अम्मानं काचा फेकणाऱ्याला तळतळाट दिले. चाचा दुसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच उठले, ओट्यावर ठेवलेला भाला उचलला, काटे बोटानं चाचपले आणि आम्हांला मागच्या दारी बोलावलं.

"तुला दिसत नाही, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग भाला का घेतलास?"

याचं उत्तर आम्हांला बावीस वर्षांत सापडलेलं नाही.

चाचांनी मारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी चिपळूणला नेलं. तिथं डॉक्टरांनी नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि एकेक भिंग घालत गेले. "आता? आता?" शेवटचं भिंग पडलं तेव्हा आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. समोर आंब्याचं झाड होतं. आम्हांला वाटायचं, झाड म्हणजे एक हिरवा ढीग, आणि पानं ही जवळ गेल्यावर दिसायची गोष्ट. इथं बसल्या जागेवरून पान न् पान सुटं दिसत होतं. नंबर निघाला उणे साडेचार, दोन्ही डोळ्यांना. आज तो उणे साडेसहा आहे.

घरी आलो. अम्मानं चष्म्याकडं पाहिलं, म्हणाली, "मुलगा आहे, चालेल." माहेरपणाला आलेली आपा आत भाकऱ्या थापत होती. ती बाहेर आली, आमच्या नाकावरून चष्मा काढला, स्वतःच्या डोळ्यांवर धरला आणि अंगणाकडं बघत राहिली. बराच वेळ. मग परत दिला. तिचा स्वतःचा चष्मा यायला आणखी एक वर्ष लागलं.

उर्दूत 'चश्म' म्हणजे डोळा. 'चश्मा' म्हणजे ऐनक, आणि 'चश्मा' म्हणजे झरासुद्धा. शब्द शिकवताना आम्ही दोन्ही अर्थ फळ्यावर लिहितो. एक 'चश्मा' खोटं दाखवतो, दुसरा ते दुरुस्त करतो, असं एक चुणचुणीत पोर म्हणालं होतं. आम्ही त्याला सांगितलं, दुसरा पहिल्याला दुरुस्त करत नाही. ही गोष्ट चढणीत आम्हांला अंगानं कळली. चष्मा आल्यावर मासे स्पष्ट दिसायला लागले, पण होते तिथं दिसले नाहीत. पाण्याची चूक पाण्याकडंच राहिली. शिवाय भिंगांवर थेंब, आतून वाफ, आणि मान खाली घातली की चष्मा घसरणार म्हणून काड्यांना मागून बांधलेली नाडी. सदऱ्यानं पुसावा तर सदराच ओला.

पाण्याखाली डोळे उघडून पाहिलं तर आणखी गंमत आहे. डोळ्याचं किरण वळवण्याचं जवळजवळ दोनतृतीयांश काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा हवेच्या जोरावर करतो. पाण्यात ते काम बंद पडतं, आणि चांगल्या नजरेचा माणूसही आमच्यासारखाच आंधळा होतो. किंबहुना आमच्याहून थोडा जास्तच. मात्र थायलंड-म्यानमारच्या समुद्रात राहणाऱ्या मोकेन लोकांची मुलं पाण्याखाली डोळे उघडे ठेवून शिंपले वेचतात. स्वीडनच्या आना गिस्लेन यांनी त्यांचा अभ्यास करून २००३ साली मांडलं, की ही मुलं पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुप्पट बारीक पाहू शकतात. ती बाहुली अगदी लहान करतात आणि डोळ्यातलं भिंग अधिक फुगीर करतात. पुढं असंही दिसलं, की सराव दिला तर युरोपीय मुलांनाही ते जमतं. शिक्षक म्हणून आम्हांला हे फार आवडलं. पण लहान वयात, आणि कुणीतरी वेळेवर लक्ष दिलं तर.

आम्ही लक्ष देतो. तेवढं एकच काम आम्ही खात्रीनं चांगलं करतो. शेजारच्या वहीतून उतरवणारं मूल आम्ही दारातूनच ओळखतो, कारण ती मान किती अंशात वळते ते आमच्या मानेला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी अशीच सापडली. तपासणी झाली, नंबर निघाला. तिची आई शाळेत आली. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, मुलीची जात आहे. चष्मा लागला तर पुढं..."

आम्ही तिला सुई-दोऱ्याची गोष्ट सांगितली. एस.टी. स्टँडचीही सांगितली, आपाला विचारून. ती हसली, मग गप्प झाली. शेवटी तोडगा निघाला: चष्मा शाळेत लावायचा, घरी आणायचा नाही. त्या दिवसापासून ती मुलगी शाळा सुटताना चष्मा आमच्या टेबलाच्या खणात ठेवून जाते. सकाळी येऊन घेते. रस्त्यानं समोरून कुणी सलाम केला तर ती काय करते, कुणास ठाऊक. खणात आता तीन चष्मे आहेत, तिन्ही मुलींचे. संध्याकाळी खण लावताना आम्हांला ते एकमेकांकडं बघत पडलेले दिसतात. हा आमचा विजय म्हणायचा की पराभव, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. बारा वाजता त्यांना फळा दिसतो, एवढं मात्र खरं.

भाला आम्ही त्या रात्रीनंतर मारला नाही. चढण मात्र सोडली नाही. आम्ही बत्ती धरतो. बत्ती धरणाराला भाल्यापेक्षा जास्त पाहावं लागतं; पोट फुगलेली, अंड्यांवर आलेली मासळी दिसली की "जाऊ दे" म्हणून ओरडणंही त्याच्याकडंच. मासळी आता पूर्वीइतकी चढत नाही. आणि एक नियम आम्ही घातलाय, त्यावरून पोरं हसतात, पण पाळतात. कुणीही भाला उचलण्याआधी पायांची हजेरी. बत्तीवाला एकेकाचं नाव घेणार, आणि ज्याचं नाव त्यानं पाय पाण्यातून वर काढून दाखवायचा. सगळे पाय मोजून झाल्याशिवाय भाला पाण्याला लागायचा नाही. तेवढ्यात मासा गेला तर गेला.

धाकटा भाऊ आता दोह्याला असतो. गेल्या जूनमध्ये बऱ्याच वर्षांनी त्याला पावसाळ्यात सुट्टी मिळाली. चाचा आता नाहीत. मोरीच्या खाली आम्ही सात-आठ जण होतो. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा वाकडा राहिलाय, बूट घालताना त्रास होतो, हे आम्हांला त्याच्या बायकोकडून कळलं होतं. त्यानं कधी सांगितलं नाही. आम्हीही त्या रात्रीबद्दल त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. काचेच्या बाटलीची गोष्ट दोघांनी मिळून इतकी जपली, की माफी मागायला जागाच उरली नाही.

पाऊस लागला होता. चष्मा पुसून आम्ही हजेरी सुरू केली. एकेक पाय वर येत होता. त्याचं नाव शेवटी घेतलं.

त्यानं उजवा पाय बत्तीच्या उजेडात उचलून धरला आणि तसाच धरून ठेवला.

"हजर आहे, भाई," तो म्हणाला. "थोडा वाकडा आहे, पण हजर आहे."

पोरं हसली. आम्ही म्हणालो, "माफ कर." पावसात ते त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. त्यानं पाय खाली ठेवला, भाला उचलला आणि म्हणाला, "बत्ती जरा खाली धर. चकाकतंय."